सकाळचा कान

परवा खिडकीच्या जाळीवर कापसाचा पहिला धागा अडकलेला दिसला आणि मी नेहमीप्रमाणे यादी करायला बसले. पलीकडचा जिन कारखाना सुरू होण्याआधी करायची कामं. शांत खोलीच्या दाराला नवी पट्टी मारणे, जुनी उंदरांनी खाल्ली. खिडकीच्या फटींत चिंध्या भरणे. जिनाची दुपारची सुट्टी यंदा किती वाजता ते विचारून घेणे आणि तपासणीच्या चिठ्ठ्या त्या वेळेच्या द्यायच्या हे शिपायाला सांगणे. हेडफोनच्या गाद्या पुसणे. नवीन नोंदवहीवर रेघा मारणे. एवढं लिहून झालं की माझा हात थांबतो. राहिलेलं एक काम मी यादीत लिहीत नाही, ते दरवर्षी आपल्या पायांनी चालत येतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी कमल येते, कान तपासून घ्यायला.

आमचं गाव तालुक्याचं. दवाखाना सरकारी. त्याच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या आहेत आणि दारावर पाटी आहे, ‘कर्णतपासणी विभाग’. गावात याला बहिऱ्याची खोली म्हणतात. मी या विभागाची प्रमुख. मुंबईला दोन वर्षं शिकून आले तेव्हा माझ्या डोक्यात काचेच्या खिडक्यांच्या खोल्या होत्या आणि हाताखाली पांढऱ्या कोटातली माणसं. इथे आले तर एक बंद पेटीतला ऑडिओमीटर, म्हणजे ऐकू येणं मोजायचं मशीन, होता आणि तो उघडायला कुणी धजत नव्हतं. मला मिळालेली माणसं दोन. शिपाई गफूरभाई, पन्नाशीचे, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे, त्यामुळे उजवा कान कामातून गेलेला. आणि तपासणी मदतनीस म्हणून कमल, जऊळक्याची, बावीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, हंगामी नेमणुकीवर. तिच्या घरात पगारावर काम करणारी ती पहिलीच. सकाळच्या पॅसेंजरने यायची, संध्याकाळच्या पॅसेंजरने जायची, आणि पहिल्या महिन्यात रोज विचारायची, “बाई, मले कायम कधी करतीन?”

आवाज मोजायला आवाज नसलेली खोली लागते. ती आम्ही बनवली. दवाखान्याने बाद ठरवलेल्या गाद्या मागून घेतल्या, उन्हात टाकल्या, दाभणाने एकमेकींना शिवून चारी भिंतींवर आणि छताला लावल्या. गफूरभाई शिडीवर, कमल खालून गादी धरून, मी हातात यादी घेऊन. काम झाल्यावर आम्ही तिघं आत गेलो आणि दार लावलं. इतकं शांत झालं की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा. गफूरभाई हळूच म्हणाले, “बाईसाहेब, कबरीत असंच असंन काहो?” कमल हसली ते हसणंसुद्धा त्या गाद्यांनी लगेच पिऊन टाकलं. मला ती खोली फार आवडायची. दिवाळी झाली की तिचं सुख संपायचं, कारण आमच्या मागच्या भिंतीपलीकडे जिन आहे.

जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. ज्यांनी तो हंगाम पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. गावात शिरताना आधी बैलगाड्यांची रांग लागते. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, गाडीवाले कापसाच्या ढिगावरच पसरलेले. हवेत सरकीचा तेलकट गोडसर वास. तंतू उडत असतात, ते भुवयांवर बसतात, चहाच्या कपात पडतात, बाभळीच्या काट्यांवर अडकून झाडं म्हातारी दिसू लागतात. आणि आवाज. तो कानाने ऐकू येण्याआधी तळपायांना कळतो. हंगाम ऐन भरात आला की पाळ्या लागतात, मग दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आणि सकाळी साडेनऊला पाळी बदलतानाची दहा-पंधरा मिनिटं सोडली तर तो थांबत नाही. भोंगा वाजला की आम्ही शांत खोलीत धावायचो आणि त्या अर्ध्या तासात जेवढे कान मोजता येतील तेवढे मोजायचो. मी दारात घड्याळ धरून, कमल मशीनवर, गफूरभाई व्हरांड्यात बसलेल्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करत. बहिऱ्यांना गप्प बसवणं हे त्यांचं काम, असं ते सगळ्यांना सांगायचे.

आता सकाळच्या कानाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावर उभं आहे.

आवाज मोजणारं मशीन स्वतः बरोबर आहे की नाही हे कशावरून कळायचं? मोठ्या शहरात त्यासाठी दुसरं यंत्र असतं. आमच्याकडे नव्हतं. मग शिकवलेली साधी पद्धत अशी, की ज्याचे कान निरोगी आहेत असं एक माणूस निवडायचं. रोज सकाळी, पहिला रुग्ण यायच्या आधी, त्याचे कान त्या मशीनवर मोजायचे. ते आकडे रोज सारखे आले तर मशीन ठीक. आकडे घसरले, म्हणजे तोच सूर ऐकू यायला आधीपेक्षा मोठा लावावा लागला, तर मशीन बिघडलं, आणि जेवढा जास्त लावावा लागला तेवढं त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णाच्या आकड्यांतून वजा करायचं. माणूस तोच ठेवायचा, वेळ तीच ठेवायची. माझा डावा कान लहानपणी वाहायचा, म्हणून मी स्वतःला बाद केलं. गफूरभाई पुढे सरसावले होते. “माहे लावा नं कान. दोनी मिळून एक तं भरतेच.” राहिली कमल. तिचे कान मी पहिल्या दिवशी मोजले आणि खूश झाले. पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब धरून राहावा तसे सूर तिला ऐकू यायचे, अगदी संपतासंपतासुद्धा.

तेव्हापासून रोजचा पहिला कार्यक्रम ठरला. साडेनऊला ती शांत खोलीत स्टुलावर बसायची, माझ्याकडे पाठ करून. कानावर हेडफोन. वेणी पुढे घेतलेली. मी एकेक सूर लावायचे आणि हळूहळू बारीक करत न्यायचे. ऐकू येतंय तोवर तिचं बोट वर, थांबलं की खाली. आठ सूर उजवीकडे, आठ डावीकडे. मी आकडा सांगायचे, मग ती उठून तो वहीत लिहायची. शेवटचा रकाना वजावटीचा. पहिल्या वर्षी त्या रकान्यात शून्याखेरीज काही पडलं नाही. मला त्या वहीचा अभिमान वाटायचा. तपासणीला कुणी आलं की मी ती आधी दाखवायचे.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात आकडे घसरू लागले.

हंगाम कसा होता ते आठवायला बसलं तर आधी आकडे आठवत नाहीत. सकाळचा गारवा आठवतो. कमल पॅसेंजरमधून उतरून येताना ओढणीत तुरीच्या शेंगा बांधून आणायची, आणि दहा वाजायच्या आत आम्ही त्या व्हरांड्यात सोलून खायचो. शेंगांच्या सालपटांवर दव असायचं. ती वाळली होती. मी म्हटलं होतं, जेवत जा नीट, गूळ-दाणे खात जा. चालताना ती भिंतीला हात लावून चालू लागली होती, विशेषतः संध्याकाळी, उजेड कमी झाला की. मला वाटलं, रक्त कमी आहे. मी माझ्या एका यादीत ‘कमल – रक्त तपासणी’ असं लिहूनही ठेवलं होतं. त्या यादीत त्याच्या वर खिडकीची कडी होती आणि खाली शाईची बाटली. कडी बसली, शाई आली.

घसरले ते वरचे सूर. आधी सर्वांत वरचा, मग त्याच्या खालचा. जिनाचा घरघराट खालचे सूर खातो, वरचे नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी जिनाला दोष दिला नाही. हेडफोन जुने झाले की त्यांचे वरचे सूर आधी जातात, हेही मला माहीत होतं. म्हणजे मशीन कमजोर झालं. मी इतकं नीट, इतकं पायरीपायरीने विचार करून चुकले, की आजही ती पायरी कुठली ते बोट ठेवून दाखवू शकते. मी वर पत्र लिहिलं, मशीन तपासायला माणूस पाठवा. स्मरणपत्र लिहिलं. तोवर वजावटीच्या रकान्यात दहा पडले, मग पंधरा, मग वीस. कमल ते स्वतःच्या गोल अक्षरात लिहायची. एकदा ती लिहितालिहिता थांबली होती.

“बाई, हे माह्याच कानाचं तं नसंन?”

“तुझे कान काय करायचेत? तेवीस वर्षांची आहेस. मशीन बिघडलंय, मी पत्र टाकलंय.”

“नक्की नं?”

“अगं, मला कळतं की तुला?”

मी हे हसत म्हटलं होतं. तीही हसली. तिचा चेहरा मोकळा झाला, आणि तिने वीसचा आकडा लिहून खाली रेघ मारली. तो मोकळा झालेला चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा वाटलं होतं, धीर दिला.

गफूरभाईंना माझ्याआधी कळलं होतं. एकदा दुपारी ते म्हणाले, “कमलबाई पाठीमागून हाक मारली तं वळूनच पाहून नाई राह्यली, बाईसाहेब.”

“कामात असते ती.”

“काम कायचं. ह्या खोलीची हवाच तशी हाये. आधी माहा गेला, आता तिचा. उद्या तुमचा नंबर.” आणि ते स्वतःच्याच विनोदावर डोलत निघून गेले. मी त्यांच्यावर थोडी चिडले होते. बहिरेपणावरचे विनोद आमच्या व्हरांड्यात चालणार नाहीत, असा एक नियमच मी नंतर भिंतीवर लावला.

त्याच हंगामात मी जिनातल्या मजुरांचे कान मोजायला घेतले होते. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. एवढ्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांचे वरचे सूर जातात, हे मला कागदावर दाखवायचं होतं. दाखवलं असतं तर कुणी निदान कानात घालायला बोळे तरी दिले असते. दुपारच्या सुट्टीत ते चार-पाच जण यायचे, अंगभर रुई, जणू पिंजलेली माणसं. त्यांचे वरचे सूर गेलेलेच होते. पण मी त्यातून सकाळची वजावट वजा करत होते. तेच सूर, जवळजवळ तेवढेच आकडे. माझ्या हिशेबाने त्यांचे कान कागदावर बरे होत होते आणि मी त्यांना ‘ठीक’ लिहून चिठ्ठ्या देत होते. शेलूबाजारकडचा एक म्हातारा मजूर चिठ्ठी उलटीपालटी करत उभा राहिला.

“बाई, कागद बरा हाये म्हनता. पन नातू बोलते ते मले समजून नाई राह्यलं.”

“वय झालं की होतं थोडं असं, बाबा.”

“वयाचं तं हायेच,” तो म्हणाला आणि चिठ्ठी टोपीत ठेवून गेला. हंगाम संपल्यावर ती सगळी माणसं आपापल्या गावी पांगली. त्यांतली परत किती आली, कोण आलं नाही, हे मला शोधता आलं नाही. त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझी सही आहे. कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत, कुठल्या तरी देव्हाऱ्यामागे ती अजून असेल.

संक्रांत होऊन गेल्यावर मशीन तपासणारा माणूस आला. किरकोळ, चष्मेवाला, मुंबईहून दोन गाड्या बदलून आलेला. सोबत त्याचं मोजणीचं यंत्र होतं. दुपारच्या भोंग्याला तो शांत खोलीत शिरला आणि सुट्टी संपायच्या आत बाहेर आला.

“मशीन उत्तम आहे, बाई.”

“वरचे सूर?”

“सगळे सूर. हेडफोन नव्यासारखे आहेत. इतकं निगुतीने ठेवलेलं मशीन मी या भागात पाहिलेलं नाही.” मग त्याने वहीतला शेवटचा रकाना पाहिला. “हे वीस, पंचवीस, तीस कशाला वजा करताय?”

मी वही माझ्याकडे ओढली. दिवाळीपासूनची पानं उलटली. रोज सकाळ, साडेनऊ, एकही दिवस सुटलेला नाही. मी ते मशीनचे आकडे म्हणून तीन महिने लिहून घेत होते. मशीन बाजूला काढलं तर मागे काय उरतं? एका माणसाचे कान, रोज थोडे थोडे जाताना. कमल दारातच उभी होती, त्या माणसासाठी चहा घेऊन.

आमच्या कामात एक साधी तपासणी असते. बोलताना आपलं तोंड कागदाने झाकायचं, म्हणजे समोरच्याला ओठ वाचता येत नाहीत. मी तीच वही तोंडासमोर धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “कमल, आज डब्यात काय आणलंस?”

ती वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, “हो, बाई.”

मी वही खाली घेतली आणि तेच विचारलं. तिने लगेच सांगितलं, “भाकर अन् तुरीच्या सोल्याची भाजी.” माझा चेहरा पाहून तिने कप आधी खाली ठेवला.

नंतर शांत खोलीत, दार लावून, समोरासमोर बसून तिने सांगितलं. पावसाळ्याच्या शेवटी तिला खोकल्यातून रक्त पडलं होतं. मेडशीच्या एका डॉक्टरने क्षय सांगितला आणि रोजची एक सुई लिहून दिली. ती सुई तिच्या गावातला कंपाउंडर संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर द्यायचा. त्या औषधाने काहींचा तोल जातो, काहींचे कान जातात. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते.

“अगं, तीन दारं सोडून आपल्याच दवाखान्यात क्षयाचा विभाग आहे. तिथे का नाही आलीस?”

“कशी येऊ? तिकडचंबी नाव गफूरभाईच पुकारते. साऱ्या व्हरांड्याले आयकू जाते. कायम कराच्या आधी डाक्टरी तपासनी असते नं बाई. टीबी म्हटलं का कोन कायम करतीन मले?”

आमच्या व्हरांड्यात नावं मोठ्याने पुकारतात, कारण आमचे रुग्ण बहिरे. तो नियमही माझाच होता.

“कंपाउंडरने सांगितलं नाही, कानाला धोका असतो म्हणून?”

“सांगतलं नं. म्हने, कानात शिट्टी वाजली, कमी आयकू आलं, तं सुई बंद कर अन् डाक्टरकडे ये.”

“मग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“मंग काय, बाई. मी तं रोज सकाळी तपासतच होती. शिट्टी वाजे. मले वाटे, जिनाची हाये. कमी आयकू ये, तं तुमी म्हनत, मशीन बिघडलं. मी घरी जाताना मनात म्हनो, माहे कान बरे हायेत, बाईनं पाह्यलेत. अन् सुई घेऊन घेवो.”

त्या गाद्यांच्या भिंतींत वाक्य कसं संपतं ते सांगता येणार नाही. ते मागे काहीच ठेवत नाही. बाहेर असतो तर व्हरांडा असता, चपला असत्या, जिन असता. तिथे फक्त ते वाक्य झालं आणि मग नव्हतं.

सुई त्याच दिवशी बंद केली. क्षयाच्या विभागातल्या डॉक्टरांनी औषध बदललं, गफूरभाईंनी तिचं नाव कधीही पुकारलं नाही, स्वतः येऊन खुणेने बोलवायचे. छाती बरी झाली. कान जिथे थांबले तिथे थांबले. आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, हे मी नातेवाइकांना रोज सांगते, तेही सावकाश, समजेल अशा शब्दांत. कमलला सांगावं लागलं नाही. ती हे माझ्या तोंडून शंभरदा ऐकत आली होती, ऐकू येत होतं तोवर.

वही अजून कपाटात आहे. तिच्याकडे पाहून मला नेमका दिवस सांगता येतो. या दिवशी पहिला सूर घसरला, या दिवशी दुसरा. या दिवशी थांबवलं असतं तर बोलणं नीट ऐकू येण्याइतके कान वाचले असते, या दिवसानंतर नाही. नोंदी ढिसाळ असत्या तर निदान शंकेला जागा उरली असती. कदाचित कळलं नसतं, कदाचित उशीरच झाला असता, असं काही तरी मनाला सांगता आलं असतं. मी तशी जागा कुठे ठेवलेली नाही. आयुष्यभरात मी केलेली सर्वांत चोख नोंद तीच.

एक गोष्ट राहिली, ती लिहायची की नाही असं मनात होतं. उन्हाळ्यात तिचा कायम करण्याचा कागद आला. छाती आता ठीक, तिकडून अडचण नव्हती. कानाचा रकाना भरायचा होता आणि तो भरायचं काम विभागप्रमुखाचं, म्हणजे माझं. पदासाठी निरोगी कान आवश्यक, असं छापलेलंच होतं. गफूरभाई दारात आले, आत आले, दार लोटलं. त्यांनी आयुष्यात कधी माझ्यासमोर दार लोटलं नव्हतं.

“बाईसाहेब, इतक्या साऱ्या लोकायचे वजा केले. एक तिचं करा नं.”

“ते खोटं होईल, गफूरभाई.”

“ते जे आधी केलं, ते खरं होतं का?”

मी तरीही खरे आकडे लिहिले. जी वजावट मी तीन महिने चुकून सगळ्यांना देत होते, ती एकदा जाणूनबुजून द्यायची वेळ आली तेव्हा मी दिली नाही. तेव्हा वाटलं, निदान आता तरी बरोबर वागले. आज तसं वाटत नाही. उलट वागायला हवं होतं असंही वाटत नाही. दोन्हीकडून विचार करून पाहिला आहे, कागदाला मधोमध रेघ मारून, इकडे हे, तिकडे ते. दोन्ही बाजू सारख्याच भरतात आणि कमल दोन्हीकडे नोकरीशिवायच राहते. कारण खोटं लिहिलं असतं तरी सूर न ऐकणाऱ्या बाईला मशीनवर किती दिवस बसवणार होते?

ऐकण्याच्या पेट्या वर्षाकाठी मोजक्याच येतात आणि त्यांची यादी मी ठेवते. कमलचं नाव त्या यादीत नियमाप्रमाणे, आले त्या क्रमाने लागलं. पेटी मिळेपर्यंत दीड वर्ष होऊन गेलं होतं. छातीशी अडकवायची, वायर कानापर्यंत. तिने काही महिने वापरली. मग तिला जिनात काम मिळालं, रुई सारायचं. तिथे पेटी लावली तर जिनच कानात शिरतो. तिने ती पुसून, वायर गुंडाळून, पेटाऱ्यात ठेवून दिली. जिनातला मुकादम म्हणतो, कमलबाईसारखं काम कुणाचं नाही, आवाजाचा त्रासच होत नाही तिला.

सहा हंगाम झाले. आमच्याकडे आता सकाळचे कान तीन आहेत. तिघांचे आकडे एकत्र घसरले तरच मशीनला दोष द्यायचा, असा नियम. एकाचेच घसरले तर त्या माणसाला समोर बसवून विचारायचं, काय खाता, काय औषध घेता, घरी कसं आहे. नवीन मुलींना हा नियम पाठ आहे, तो कुठून आला ते माहीत नाही. शिकाऊ मुलगी एकदा म्हणाली, बाई, तुम्ही फार शंका घेता. मी म्हटलं, हो.

आज जिन सुरू होणार होता. साडेनऊच्या आधी कमल आली. केसांत अजून रुई नव्हती, संध्याकाळी असेल. ओढणीतून तुरीच्या शेंगा काढून तिने टेबलावर ठेवल्या, गफूरभाईंच्या निवृत्तीनंतर आलेल्या नव्या शिपायाला हाताने नमस्कार केला आणि सरळ आत जाऊन स्टुलावर बसली, माझ्याकडे पाठ करून. वेणी पुढे घेतली. हेडफोन तिचे तिनेच लावले, लाल उजव्या कानाला, निळा डाव्या.

खालचे सूर तिला येतात. बोट वर, बोट खाली. मग मी वरचे लावते. आवाज वाढवत नेते. बोट मांडीवर स्थिर. आणखी वाढवते. काटा शेवटाला टेकतो, इतका मोठा आवाज की हेडफोनच्या फटीतून तो मला ऐकू येतो. तिचं बोट हलत नाही. पण मान किंचित पुढे येते, दरवर्षी येते, काही तरी येतंय का ते पाहत असल्यासारखी.

आकडे मागच्या वर्षीचेच. मी ते लिहिते. ती हेडफोन काढते, वळते आणि दरवर्षी विचारते तेच विचारते. आता तिचा आवाज थोडा मोठा लागतो, कारण तो तिचा तिला नीट ऐकू येत नाही.

“मशीन बरं हाये नं, बाई?”

मी तिच्यासमोर येते. माझं तोंड तिला नीट दिसेल अशी, उजेडाकडे तोंड करून उभी राहते आणि सावकाश सांगते, “मशीन ठीक आहे.”

ती मान हलवते. ओढणी खोचते. तेवढ्यात पलीकडे हंगामाचा पहिला भोंगा होतो, लांब आणि कर्कश, गाद्यांमधूनसुद्धा आत येतो. कमल दाराशी वाकून चप्पल शोधत असते. मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावते आणि तिने वर पाहिल्यावर तिला सांगते की भोंगा झाला.